एकच प्रतिरूप, दोन उत्तरें

पंचांगाचा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. आकाश एक, सूर्य एक, चंद्रहि एकच; परंतु बहुतेक पंचांगांत मकरसंक्रांत जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेस पडते, तर टिळक पंचांग मानणाऱ्या घरीं ती सुमारें चार दिवस आधींच होऊन गेलेली असते. क्वचित् अधिक मासहि निराळा पडतो, आणि मग एका घरच्या गणपतीचें विसर्जन होऊन महिना लोटला तरी शेजारच्या घरीं मखराची तयारी चाललेली असते. नवखा मनुष्य हें पाहून विचारतो, "यांत खरें कोणतें?" प्रश्न साहजिक आहे, पण त्याच्या आधीं दुसरा एक प्रश्न विचारणें इष्ट असतें. हीं दोन गणितें एकमेकांपासून नेमकीं कोठें फुटलीं?

पंचांगापुरतें याचें उत्तर ठाऊक आहे. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचलें. ज्या व चाप यांचा किचकट खटाटोप टाळून, अकरा वर्षांचें म्हणजे ४०१६ दिवसांचें एक चक्र धरून, ग्रह काढण्याची सोपी रीत त्यांनीं दिली. खेड्यांतल्या जोशालाहि ती पाटीवर साधे. पण सोपेपणाची किंमत द्यावीच लागते. प्रत्येक चक्रांत राहून गेलेला कणभर फरक तीनशें वर्षांत इतका सांचला कीं, पंचांगांतले ग्रह व दुर्बिणींतले ग्रह जुळेनात. पुढें १८६५ मध्यें केरो लक्ष्मण छत्रे यांनीं पाश्चात्य नाविक पंचांगाच्या आधारें नवें पंचांग काढलें व लोकमान्य टिळकांनीं त्या पक्षाचा पुरस्कार केला. येथें दुसऱ्याच जातीचा फरक उद्भवला. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरावा, कीं चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून? या दोन आरंभांत सुमारें चार अंशांचें अंतर आहे. सूर्य दिवसास सुमारें एक अंश चालतो. म्हणून संक्रांतींत चार दिवसांचा फरक. यांत कोणाचीहि बेरीज चुकलेली नाहीं. पहिला फरक गणिताच्या हातचलाखीचा होता, दुसरा आरंभाच्या ठरावाचा. पहिला चांगल्या गणितानें मिटतो. दुसरा कितीहि चांगल्या गणितानें मिटत नाहीं.

संगणकाच्या युगांत हाच वाद नव्या वेषांत पुढें आला आहे. सृष्टींतील एखादा व्यवहार लहान प्रमाणावर संगणकांत चालवून पाहणें यास सिम्युलेशन म्हणतात, व ज्या नियमांवर तो चालवितात त्यांच्या संचास मॉडेल अथवा प्रतिरूप. त्यासाठीं लागणारें सॉफ्टवेअर हल्लीं पुष्कळदां दोन आवृत्त्यांत मिळतें. एक मेजावरील संगणकांत कायमची बसविलेली, दुसरी इंटरनेटवरून ब्राउझरच्या खिडकींत उघडणारी. युरी विलेन्स्की यांनीं १९९९ मध्यें अमेरिकेंत निर्माण केलेलें नेटलोगो हें याचें सुप्रसिद्ध उदाहरण होय. त्याच्या संग्रहांत लांडगे, मेंढ्या व गवत यांचें एक प्रतिरूप आहे. पडद्यावर मेंढ्या भटकतात व गवत खातात. लांडगे भटकतात व मेंढ्या खातात. खाल्लेलें गवत कांहीं काळानें पुन्हां उगवतें. प्रत्येक प्राण्याच्या अंगीं शक्तीचा एक आंकडा असतो. चालतांना तो घटतो, खाल्ल्यानें वाढतो, शून्याखालीं गेला कीं प्राणी मरतो. नियम एवढेच. पण ते हजार पावलें चालविले म्हणजे कधीं दोघांची संख्या लाटांप्रमाणें वरखालीं होत राहते, तर कधीं लांडगे समूळ नाहींसे होतात.

आंबेगांव तालुक्यांतील अवसरी बुद्रुकच्या शिवारास हें प्रतिरूप लावावयाचें तर लांडग्याच्या जागीं बिबट्या घ्यावा लागेल. कुकडी प्रकल्पाचें पाणी आलें तसा जुन्नर-आंबेगांवांत ऊस वाढला. उसांत बिबट्यास आडोसा मिळाला, आणि गांवच्या कुत्र्यांवर व शेळ्यांवर त्याची गुजराण होऊं लागली. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होऊन ऊसतोड चालू झाली कीं फडांत बछडे सांपडल्याच्या बातम्या दरवर्षीं येतात. आतां कल्पना करावी कीं, गांवांतला एक विद्यार्थी असें प्रतिरूप तयार करतो. शेजारच्या अवसरी खुर्द येथें २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तेव्हां ही कल्पना फारशी अवास्तव नाहीं. त्याचा प्रश्न असा कीं, दरवर्षीं दोन बिबटे पिंजऱ्यांत धरून दूर नेऊन सोडले, तर पांच वर्षांनीं हल्ले घटतील कीं वाढतील? महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतील संगणक सांगतो, घटतील. रात्रीं घरीं तोच प्रोग्राम तो धाकट्या भावाच्या मोबाइलवर ब्राउझरमध्यें उघडतो. उत्तर येतें, वाढतील. ओसरीवर बसलेल्या आजीला यांतलें एकच कळतें व ती विचारते, "अरे बाळा, मग शेळ्यांच्या गोठ्याला जाळी बसवायची कीं नाहीं, तेवढं सांग."

हा प्रश्न करमणुकीचा नव्हे. २००१ पासून जुन्नर वनविभागांत बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची मोहीम झाली. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं पुढें जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यांत असें आढळलें कीं, १९९३ ते २००१ या काळांत माणसांवरील हल्ले वर्षास सरासरी ४ होते, ते मोहिमेनंतरच्या दोन वर्षांत सरासरी १७ झाले. हलविलेलें जनावर अनोळखी मुलखांत गांगरतें, आणि रिकाम्या झालेल्या जागीं दुसरें येतें. म्हणजे "घटतील" व "वाढतील" या दोन शब्दांमधील अंतर माणसांच्या जिवांनीं मोजलें जातें. अशा वेळीं मेजावरचा संगणक महागाचा म्हणून त्याचें खरें मानावें, किंवा ब्राउझरची आवृत्ति नवी म्हणून तिचें, हा न्याय चालत नाहीं.

शोधाचा आरंभ अगदीं साध्या गोष्टींपासून करावा लागतो. दोन्हीकडे प्रतिरूप खरोखर एकच आहे काय? एकीकडे जुनी फाइल, दुसरीकडे सुधारलेली, असें तर झालें नाहीं? बिबट्यांची आरंभींची संख्या दोन्ही ठिकाणीं तीच ठेवली होती काय? आश्चर्य वाटेल, पण बहुतेक भांडणें येथेंच मिटतात. याच्या पुढची पायरी घड्याळाची. कांहीं प्रतिरूपांत "इतक्या सेकंदांनीं अमुक घडावें" असा नियम घातलेला असतो. प्रयोगशाळेंतील यंत्र एका सेकंदांत शेंकडो पावलें टाकतें, तर ब्राउझर पडदा रंगविण्यांत गुंतून मागें रेंगाळतो. सेकंद तोच, पण प्रतिरूपांतला काळ वेगळा. काळ पावलांनीं मोजला असता तर हा फरक उद्भवताच ना.

यांतून कांहींच निघालें नाहीं म्हणजे आंकड्यांच्या घरांत शिरावें लागतें, आणि तेथें खरी गंमत आहे. मंचरच्या बाजारांत कांदा मोजणाऱ्या एका काट्याची कल्पना करावी. हा काटा वजन पुऱ्या किलोंतच टिपतो. अर्ध्या किलोहून कमी असेल तें सोडून देतो. ५००० किलोंच्या ढिगांत ४०० ग्रॅमची एक पिशवी मिळविली तर वहींत ५००० च राहतात. दुसरी मिळविली, तिसरी मिळविली. भर मागच्या लिहिलेल्या आंकड्यांतच घालावयाची, म्हणून प्रत्येक वेळीं ५००० च. पण तिन्ही पिशव्या आधीं एकत्र केल्या तर त्या १२०० ग्रॅम होतात, आणि वहींत ५००१ येतात. कांदा तोच, काटा तोच. क्रम तेवढा बदलला. शाळेंत शिकविलेला नियम, कीं बेरीज कोणत्याहि क्रमानें केली तरी सारखीच येते, तो कागदावरच्या आंकड्यांचा आहे. काट्यावरच्या आंकड्यांचा नव्हे.

संगणक हा असाच एक काटा आहे. फक्त तो फार बारीक आहे. एक तृतीयांश दशमान पद्धतीनें लिहूं लागलें तर ०.३३३ ही ओळ कधींच संपत नाहीं. संगणक द्विमान पद्धतीनें लिहितो, आणि तेथें एक दशांशाचीहि तीच गत होते. १९८५ मध्यें ठरलेल्या प्रमाणानुसार नेहमींच्या वापरांतील आंकडा सुमारें सोळा दशमान स्थळांपर्यंत ठेवतात व पुढचें शेपूट तोडतात. म्हणूनच ०.१ व ०.२ यांची बेरीज संगणक ०.३ अशी न देतां ०.३०००००००००००००००४ अशी देतो. हें शेपूट क्षुल्लक वाटतें. २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं सौदी अरबस्तानांतील धाहरान येथें अमेरिकेची एक पेट्रियट तोफखाना-यंत्रणा सुमारें शंभर तास अखंड चालू होती. तिचें घड्याळ दशांश सेकंदांत मोजी, आणि त्या दशांशाच्या तोडलेल्या शेपटांचा फरक तोंवर सुमारें एक तृतीयांश सेकंद इतका सांचला होता. येणारें इराकी स्कड तिनें हुकविलें व अठ्ठावीस सैनिक मेले. याहून विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, काळाच्या रूपांतराची सुधारलेली रीत त्या प्रोग्रामांत कांहीं ठिकाणीं घातलेली होती व कांहीं ठिकाणीं नव्हती. सर्वत्र जुनीच राहिली असती तर चुका पुष्कळशा एकमेकींना खाऊन टाकत्या. एकाच यंत्रांत दोन आवृत्त्या नांदत होत्या, आणि त्यांचें पटत नव्हतें.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांचा शेवटचा अंक कोणता असावा हें प्रमाणानें बांधून दिलेलें आहे. क्रम सारखा ठेवला तर तेवढ्यापुरत्या दोन्ही आवृत्त्या जुळतात. परंतु ज्या, कोटिज्या, घातांक हीं फलें काढण्याची वेळ आली कीं वाटा फुटतात. मेजावरचें नेटलोगो जावा या भाषेच्या आधारानें चालतें, व तेथें ही फलें एका ठराविक रीतीनेंच काढण्याची सोय आहे. ब्राउझर जावास्क्रिप्ट जाणतो; त्या भाषेच्या प्रमाणग्रंथांत ज्या किंवा घातांक यांचें उत्तर 'जवळपास' असावें एवढेंच अपेक्षिलें आहे, शेवटचा अंक ब्राउझर बनविणाऱ्यावर सोंपविलेला आहे. गणेश दैवज्ञांनीं ज्या-चापांस फांटा कां दिला असेल हें येथें ध्यानांत येतें. पडद्यावरचा बिबट्या तिरप्या दिशेनें एक पाऊल टाकतो तें ज्या व कोटिज्या यांच्याच बळावर. सोळाव्या स्थळीं फरक पडला तर तो उसाच्या या चौकोनांत पडण्याऐवजीं शेजारच्या चौकोनांत पडतो. तेथें शेळी असते, येथें नसते.

याच्या जोडीस नशीबाचा खेळ आहे. जनावर कोणीकडे वळेल हें ठरविण्यासाठीं संगणक यदृच्छेनें निवडल्यासारखे भासणारे आंकडे वापरतो. ते खरोखर यदृच्छ नसतात. एका आरंभींच्या आंकड्यापासून, ज्यास बीज म्हणतात, ती सगळी माळ गणितानें ओवलेली असते. बीज तेंच ठेवलें तर माळहि तीच. पण प्रत्येक प्राणी त्या एकाच माळेंतून आपल्या पाळीस एकेक मणी ओढीत असतो. एका आवृत्तींत कोणी एक मणी जादा ओढला, मग तो केवळ रंग निवडण्यासाठीं कां असेना, कीं तेथून पुढें प्रत्येकाच्या हातांत दुसऱ्याचा मणी येतो. त्या क्षणापासून दोन गांवें निराळीं.

सोळाव्या स्थळींचा फरक एवढा मोठा कसा होतो, याचा शोध १९६१ मध्यें एडवर्ड लोरेन्झ यांस लागला, तोहि बराचसा अपघातानें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथें ते हवेचें एक लहानसें प्रतिरूप संगणकावर चालवीत. एक गणित पुन्हां पाहावयाचें म्हणून त्यांनीं मधल्या एका ठिकाणचे छापलेले आंकडे यंत्रास दिले. यंत्राच्या पोटांत ०.५०६१२७ होतें, कागदावर जागा वांचविण्यासाठीं ०.५०६ छापलेलें होतें. आरंभीं दोन्ही गणितें हातांत हात घालून चाललीं, मग किंचित् अलग झालीं, आणि कांहीं काळानें एकीचा दुसरीशीं कांहींएक संबंध उरला नाहीं. ज्या व्यवस्थेंत फरक स्वतःसच गुणीत जातो तेथें तो किती लहान होता याला अर्थ राहत नाहीं. तो कधीं जन्मला एवढाच प्रश्न उरतो.

जिनेव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेस याचा रोकडा अनुभव आला. तेथील महायंत्रांत कण वर्तुळांत लाखों फेऱ्या घालतात. ते मार्गावर टिकतील कीं भिंतीवर आदळतील, हें आधीं गणितानें पाहावें लागे. २००४ मध्यें हें काम जगभरच्या हौशी लोकांच्या घरगुती संगणकांस वांटून देण्यांत आलें, आणि खात्रीसाठीं प्रत्येक गणित एकाहून अधिक यंत्रांवर करविण्यांत आलें. तेव्हां निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रोसेसरांवर एकाच कणाचें भवितव्य वेगवेगळें येऊं लागलें. तपास करतां करतां बोट घातांकादि फलांवर येऊन थांबलें. फ्रान्समधील लियाँ येथील गणितज्ञांनीं शेवटचा अंक बिनचूक देणारा फलसंग्रह तयार केलेला होता. तो वापरल्यावर यंत्रें एकमुखानें बोलूं लागलीं. श्रम पुष्कळ पडले, पण तेथें ते करणें प्राप्त होतें. कारण दोन घरांतलीं उत्तरें अंकाअंकानें जुळलीं तरच त्यांवर भरंवसा ठेवतां येई.

प्रत्येक ठिकाणीं असा हट्ट धरावा काय? रॉबर्ट ॲक्स्टेल, रॉबर्ट ॲक्सेलरॉड, जोशुआ एप्स्टाइन व मायकेल कोहेन या चौघांनीं १९९६ मध्यें या प्रश्नाची फोड केली. एकानें रचलेलें प्रतिरूप दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्यें नव्यानें बांधून तें जुळतें काय हें त्यांनीं तपासलें, आणि जुळण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आंकडे अंकाअंकानें सारखे येणें ही सर्वांत कडक. पुष्कळ वेळां चालविल्यावर दोहोंकडच्या उत्तरांची पांगापांग सारखी येणें ही दुसरी. आणि अमुक वाढविलें कीं तमुक घटतें, एवढा कल दोहोंकडे एकच असणें ही तिसरी. पंचांगास ही फूटपट्टी लावून पाहण्यासारखी आहे. टिळक पंचांग व इतर पंचांगें पहिल्या पायरीवर जुळत नाहींत. पण दिवाळी अमावास्येस व कोजागरी पौर्णिमेस, याविषयीं कोणाचाहि मतभेद नाहीं. वादी-प्रतिवादी यांनीं कोणत्या पायरीवर उभें राहावयाचें हें आधीं ठरविलें तर निम्मी कटुता तेथेंच सरेल.

अवसरीच्या विद्यार्थ्यानें आतां काय करावें? प्रथम त्यानें गांव रिकामें करावें. एकच बिबट्या, शेळी नाहीं, यदृच्छ आंकडे नाहींत, सरळ रेषेंत चाल. दोन्ही आवृत्त्या येथें पूर्ण जुळल्याच पाहिजेत. न जुळल्या तर कोठें तरी उघड दोष आहे. मग एकेक नियम परत घालावा आणि प्रत्येक पावलागणिक दोहोंकडचे आंकडे शेजारीं शेजारीं छापून पाहावे. ज्या पावलास ते प्रथम वेगळे होतात तेथें दिवा धरावा. काम कंटाळवाणें आहे, आणि तें कोणी कौतुकानें पाहत नाहीं. नेटलोगोच्या ब्राउझर-आवृत्तीच्या कर्त्यांनींहि हीच वाट धरली आहे. तेच हुकूम दोन्ही आवृत्त्यांस देऊन उत्तरें पडताळणाऱ्या चांचण्यांची मालिकाच त्यांनीं रचलेली आहे. त्यानंतर प्रतिरूप एकदां न चालवितां वेगवेगळीं बीजें घालून दोन्हीकडे शेंकडो वेळां चालवावें. प्रयोगशाळेंत आलेलें "घटतील" व मोबाइलवर आलेलें "वाढतील" हीं दोन उत्तरें एकेका फेरीचीं होतीं, हें विद्यार्थ्याच्या बहुधा तेव्हां लक्षांत येईल. एकदां फांसा टाकून तीन पडले म्हणून फांशाला तीनच बाजू आहेत असें कोणी म्हणत नाहीं.

हवामानाच्या शास्त्रांत ही दृष्टि आतां रुळली आहे, आणि तिचें एक मोठें ठाणें पुणें हें आहे. १९२८ मध्यें हवामान खात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें. तें पुढें दिल्लीस गेलें तरी १९६२ मध्यें स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पुण्यासच आहे. जून २०१८ मध्यें जी अंदाजाची पद्धति सुरू झाली तींत एकच प्रतिरूप एकवीस वेळां चालविलें जाई. दर वेळीं आरंभाची स्थिति मुद्दाम जराशी बदललेली. एकविसांपैकीं अठरांनीं पाऊस सांगितला तर अंदाज खंबीर, अकरांनीं सांगितला तर डळमळीत. लोरेन्झ यांच्या कागदावर जी चूक अपघातानें शिरली ती येथें हेतुपुरस्सर घातली गेली, व तिच्यापासून उपयुक्त माहिती काढली गेली.

तेव्हां शेंकडो फेऱ्यांनंतर मेजावरचा संगणक व मोबाइल यांची पांगापांग जुळली, असें धरूं. तरीहि विद्यार्थ्यापुढें एक अडचण उरतेच. आरंभीं शिवारांत बिबटे किती धरावयाचे? जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनीं आपोआप छायाचित्रें टिपणारे कॅमेरे लावून गणना केली. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार शंभर चौरस किलोमीटरांत सुमारें पांच प्रौढ बिबटे होते. तो आंकडा अकोल्याचा आहे, अवसरीचा नव्हे. तो पांच धरला तर गणित एक सांगेल, तीन धरला तर दुसरें, आणि दोन्ही आवृत्त्या दोन्ही वेळां अगदीं एकमतानें सांगतील. हा रेवती आणि चित्रा यांचा प्रश्न झाला. तो संगणकाच्या कोणत्याहि आवृत्तींत सुटावयाचा नाहीं, त्यासाठीं उसाच्या बांधाला कॅमेरे लावून रात्री मोजाव्या लागतील. आजीच्या प्रश्नाचें मात्र तसें नाहीं. बिबटे तीन धरले काय, पांच धरले काय, मेजावर काय आणि मोबाइलवर काय, बंद गोठ्यांतील शेळी प्रत्येक फेरींत उघड्यावरच्या शेळीहून अधिक दिवस जगलेली दिसेल. आणि तेवढ्यासाठीं जाळीवाल्यास उद्यां निरोप धाडण्यास हरकत नाहीं.